पुढच्या वर्षाचा तक्ता

मॉन्टेव्हिडिओत नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा.
हॉटेलच्या तळमजल्यावर भरदुपारी पडदे ओढलेत.
साबणवाले, बँकवाले, गाईगुरांच्या औषधांचे वितरक
गोल टेबलांशी बसून चीज चघळतायत.
समोर पुढचं वर्ष उजळतंय, रंगीत,
अजून कुणी न वापरलेलं.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी, रात्री नऊला
एक तुर्की सून स्पॅनिशमध्ये रडेल.
मे महिन्यात तिला कळेल, मूल तिचंच आहे.
जूनमध्ये फुटबॉल. तेव्हा तिनं रडू नये
अशी तजवीज केली आहे.
जुलैच्या थंडीत स्वयंपाकाची स्पर्धा.
सप्टेंबरात सोळा अनोळखी माणसं एका घरात भांडतील.
घर ठरलंय, भांडणं ठरलीत,
माणसांचा शोध चालू आहे.
टाळ्या.

हे सगळं मांडलंय नेलिदा ब्रुसोनेनं.
ती मागे, दाराजवळ,
पिशवीत मातेचा थर्मास, कारण हॉटेलची कॉफी तिला सोसत नाही.
एकतीस वर्षं ती वाहिनीचं पंचांग काढते:
कुठल्या घटकेला देश हसेल,
कुठल्या घटकेला डोळे पुसत
गॅसवर पाणी ठेवायला उठेल,
नेमकी तेव्हाच साबणाची जाहिरात असते
हे साबणवाल्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आणि तिलाच माहीत आहे, तक्त्याला भोक पडलंय.

रविवारी. आठ अठ्ठेचाळीस ते नऊ.
तुर्की भाग यंदा आखूड आले,
पहिल्या धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखे.
साहेब म्हणाले, आपल्याच मालिकांच्या झलका टाक.
उद्याची झलक, परवाची झलक,
झलक बघून झाल्यावर झलकेची झलक.
तिनं हो म्हटलं
आणि आपल्या कागदी तक्त्यावर पेन्सिलीनं लिहिलं:
हवामान.

हवामान सांगतो आब्दोन एत्चेवेरी.
त्याला रोज चाळीस सेकंद मिळतात.
त्यात राजधानी उरकायची, समुद्रकिनारा उरकायचा,
आणि उरलेल्या देशावरून
काच पुसावी तसा तळहात फिरवायचा.
बारा मिनिटं म्हटल्यावर तो खुर्चीत बसला.
एवढ्यात मी काय बोलू, नेलिदा?
गावं घे, ती म्हणाली.
एकेक. नावानिशी.

मग तिच्याच टेबलाशी, तालीम म्हणून,
नकाशाशिवाय तो सुरू झाला:
ताम्बोरेस, ढग.
सेर्रो चातो, वारा दक्षिणेकडून, दारं लावून घ्या.
फ्राइले मुएर्तो, पहाटे दहिवर,
भाज्यांवर गोणपाट टाका.
विचादेरो
इथे त्यानं उच्चार चुकवला.
तिनं सुधारला.
त्यानं वर बघितलं. ती पेन्सिलीला टोक काढत होती.

हॉलमध्ये रविवारची पाटी आली, गेली.
कुणाचं लक्ष नाही. फक्त औषधवाल्या म्हाताऱ्यानं
काटा खाली ठेवला:
ती बारा मिनिटं कुणाची?
साहेबांनी मागे वळून नेलिदाकडे पाहिलं.
अजून कुणाची नाहीत, ती म्हणाली.
त्यात त्रांकेरास येतं का?
येतं.
म्हातारा पुन्हा चीजकडे वळला.
घेतो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

येत्या ऑगस्टात ती निवृत्त होतेय.
सोळा माणसांचं भांडण ती घरी बसून बघेल.
आधी टीव्ही दुरुस्त करावा लागेल,
गेल्या ईस्टरपासून तो नुसता आवाजच देतो.
ऑगस्टनंतरच्या चौकटी तिनं शाईनं भरल्यात,
जरा दाबून,
मागून येणाऱ्याला सहज खोडता येऊ नयेत म्हणून.
रविवार तेवढा पेन्सिलीतच.

ती बाहेर आली तेव्हा रांब्लावर
वारा असा सुटला होता
की थर्मासचं झाकण उडून रस्त्यापलीकडे गेलं.
सकाळी आब्दोन म्हणाला होता, वारा नाही.
चाळीस सेकंदांत माणूस काय काय सांगणार.